आठ जणांचे हात

भानुदादांसारखा माणूस पुन्हा होणे नाही.

हे वाक्य आमच्या स्टुडिओत प्रत्येक निरोप समारंभात म्हटलं जातं. चार महिने टिकलेल्या रिसेप्शनिस्टसाठी ते म्हटलं गेलं. तीनदा नोकरी सोडून तीनदा परत आलेल्या एका संगीतकारासाठी तर तीनदा म्हटलं गेलं. भानुदादांसाठी मात्र कोणी म्हटलं नाही, कारण त्यांचा निरोप समारंभच झाला नाही. एका मंगळवारी दुपारी ते जेवणाचा डबा घेऊन जिना उतरले आणि पुन्हा वर आले नाहीत. तेव्हाचं राहून गेलेलं वाक्य मी आता म्हणून टाकतो. त्यात तथ्य किती, हे वाचणाऱ्यानं ठरवावं.

आमचा स्टुडिओ उस्मानपुऱ्यात आहे. खाली चष्म्याचं दुकान, वर आम्ही. सशांच्या एका कुटुंबावर परदेशात कार्टून मालिका निघते, तिचं काम आमच्याकडे येतं. गोष्ट तिकडची, आवाज तिकडचे, मुख्य चित्रंही तिकडचीच. ससा उडी मारायला वाकतो ते चित्र तिकडून येतं, तो जमिनीवर टेकतो तेही येतं. मधल्या वेळात तो हवेत असतो, तेवढं आमचं काम. अशा एकेका तुकड्याला आम्ही शॉट म्हणतो. ही मधली चित्रं काढायला एका खोलीत नऊ जण बसायचे, आणि नवांची चित्रं तपासायला भानुदादा. मी कोऑर्डिनेटर. कोणता शॉट कोणाकडे आहे आणि तो अजून का झाला नाही, हे दोन प्रश्न दिवसभर विचारत फिरणं म्हणजे माझी नोकरी.

भानुदादा पन्नाशीचे, बुटके, काटक. शर्टाची फक्त उजवी बाही दुमडलेली असायची, डावी मनगटापर्यंत बटण लावून. कोणी विचारलं तर म्हणायचे, "डाव्याला काय काम हे?" गाव खुलताबादजवळ, घरची थोडी शेती. या धंद्यात येण्याआधी ते शाळांसाठी तक्ते रंगवायचे. हृदयाचा उभा छेद, बेडकाची वाढ, मानवी पचनसंस्था. जिल्ह्यातल्या बऱ्याच मुलांनी स्वतःचं आतडं पहिल्यांदा भानुदादांच्या हातचं पाहिलं असणार.

त्यांचा जीव हातांवर होता. चेहरा कोणीही काढतो, असं त्यांचं मत. समोरच्याचा चेहरा तर ते बघतच नसत. नवा माणूस आला की त्यांची नजर थेट बोटांवर जायची आणि पुढे तो माणूस त्यांच्या लेखी तेवढाच असायचा. एकदा आमचे मालक कुलदीप सर एका बड्या पाहुण्याला घेऊन खोलीत आले. पाहुण्यांनी दृष्टी, ध्येय आणि जागतिक बाजारपेठ यांवर बरंच सांगितलं. ते गेल्यावर मी दादांना विचारलं, "कसे वाटले?"

"करंगळी आखडलीय त्यांची. लहानपणी मोडली असंल. नीट बसवली नाय कोणी."

"आणि भाषण?"

"व्हय, बोलत व्हते कायतरी."

आमच्या सशांना एका हाताला चारच बोटं. नव्या मुलांना वाटायचं, चला, एक बोट वाचलं. दादा म्हणायचे, चार बोटांचा हात पाचाहून अवघड. गेलेल्या बोटाचं काम बाकीच्यांनी वाटून घेतलेलं दिसलं पाहिजे. चित्र तपासताना ते एवढंच म्हणत: "हा हात नाय, हातमोजा हे." किंवा, "बोटं झोपलीत याची. उठीव." फार आवडलं तर काहीच म्हणत नसत. पुढच्या चित्राकडे वळत. त्यामुळे त्या खोलीत कौतुक आणि दुर्लक्ष या दोन गोष्टी बाहेरून अगदी सारख्या दिसायच्या. हे मला तेव्हा गमतीचं वाटायचं.

आता त्या खोलीतल्या रिवाजाबद्दल. तो कुठे लिहिलेला नव्हता आणि त्याविषयी कोणी बोलत नसे. शॉट जमत नसेल तर माणूस जेवणाच्या सुट्टीत फाइल तशीच उघडी ठेवून उठायचा. दादा लवकर जेवायचे. मग ते त्या खुर्चीवर जाऊन बसायचे आणि अर्ध्या तासात सशाचे हात उठवायचे. माणूस परत यायचा, स्क्रीनकडे बघायचा, खाली बसायचा आणि पुढचा शॉट उघडायचा. आभार मानायचे नाहीत. एकदा सचिन नावाच्या मुलानं, तो नवीन होता तेव्हा, सगळ्यांसमोर "थँक्यू दादा" म्हटलं. दादा त्याला म्हणाले, "कामून? मी काय केलं? तुझं तू केलंस." आणि दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. सचिन शिकला.

नवांपैकी आठ जणांचं काम या रिवाजावर चालायचं. ते वाईट होते असं नाही. रेघ स्वच्छ, हात चलाख, फक्त सशांचे हात त्यांना यायचे नाहीत. नववी मनीषा. तीही खुलताबादच्या बाजूची, सकाळी दादांच्याच बसनं यायची. ती फार कमी बोलायची, आणि तिचे शॉट कधी परत येत नसत.

मग सिस्टिम आली.

तिचं खरं नाव लांबलचक होतं, आम्ही सिस्टिम म्हणायचो. तिकडच्या कंपनीनं कळवलं होतं की आता सगळं काम अशा सॉफ्टवेअरमधूनच यावं. कोणता शॉट कोणी उघडला, किती तास धरला, किती दुरुस्त्या लागल्या, सगळं आपोआप नोंदलं जाणार. कुलदीप सरांनी त्याचं लोकार्पण केलं. लॅपटॉपला हार घातला, समई लावली आणि नारळ फोडला. नारळाचं पाणी कीबोर्डवर उडालं म्हणून दुसरा लॅपटॉप आणून त्यालाही हार घातला. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. मी "पारदर्शकतेच्या नव्या पर्वात" असे शब्द वापरले. ते कागदावर आहेत, नाकारण्यात अर्थ नाही.

पुण्याहून आलेल्या ट्रेनरनं दीड तास समजावून सांगितलं आणि काही शंका आहेत का, असं विचारलं. दादांनी हात वर केला.

"दुसऱ्याचं चित्र जरा नीट करायचं असलं तर?"

"ते आधी तुमच्या नावावर घ्यायचं, सर. मग मूळ माणसाच्या खात्यात दुरुस्ती पडते."

"नावावर न घेता?"

"उघडणारच नाही. तीच तर गंमत आहे."

"बरं," दादा म्हणाले, आणि ट्रेनरच्या बोटांकडे बघत बसले.

शेवटी कुलदीप सर बोलायला उभे राहिले. तिकडचं काम थोडं कमी होणार होतं. नवांपैकी एकाला थांबवावं लागेल. कोणाला, ते आपण ठरवायचं नाही. तीन महिन्यांनी सिस्टिमचा तक्ता बघायचा. "ज्याची ओळ लाल, त्याला थांबवू. ना माझी आवड, ना तुमची. यापेक्षा न्याय्य काय असणार?" टाळ्या झाल्या. ज्यांच्यापैकी एक जाणार होता, त्यांनीही वाजवल्या.

त्या दिवशी दादा माझ्या टेबलापाशी आले. असं ते सहसा येत नसत.

"सर, लाल म्हंजे काय?"

"ज्याचं काम कमी पडेल त्याची ओळ लाल होते."

"मंग कुणाचंच कमी नाय पडलं तर?"

"तर कशाला होईल लाल?"

हे मी सांगितलं. पुस्तिका माझ्याकडे होती. मी ती वाचली नव्हती.

पुढचे तीन महिने दादा कोणाच्या खुर्चीवर बसले नाहीत. सगळ्यांना वाटलं, रिवाज संपला. प्रत्यक्षात त्यांनी एकेकाला जिन्यात गाठून पासवर्ड मागून घेतला होता. स्वतःच्या जागी बसून ते एकेकाच्या नावानं आत जायचे आणि हात उठवून बाहेर यायचे. सिस्टिमला दिसायचं की सचिननंच सचिनचा शॉट केला. पासवर्ड लक्षात राहीनात, तेव्हा खिशातल्या डायरीत उतरवून ठेवले. पण नाव कसं लिहायचं? कोणाच्या हाती लागलं तर? म्हणून नावाऐवजी त्या त्या माणसाचा हात काढला आणि त्याखाली पासवर्ड. एकदा चहाच्या वेळी डायरी टेबलावर उघडी राहिली होती, तेव्हा मी पान पाहिलं. अंगठ्याएवढे हात, एक नखं कुरतडलेला, एक अंगठीवाला, एक पेन धरून वाकडा झालेला. खाली कोणाच्या मुलीचं नाव, कोणाच्या गावाचं, पुढे एक-दोन-तीन. मी हात मोजले. आठ भरले. नववा मागच्या पानावर असेल असं समजून मी चहा प्यायलो.

मला डायरीची गरजही नव्हती. दर सोमवारी सिस्टिम मला एक नोंद पाठवायची. तीत दिसायचं की आठ वेगवेगळी माणसं दुपारी ओळीनं, पंधरा-वीस मिनिटांसाठी, एकाच यंत्रावर काम करतात. ते यंत्र भानुदादांचं होतं. ही नोंद इतर कोणी वाचत नसे. मी ती वाचायचो आणि मिटवून ठेवायचो. यालाच मी तेव्हा चांगुलपणा समजत होतो.

तीन महिने संपले. कुलदीप सरांनी तक्ता भिंतीवर मोठा करून दाखवला. आठ ओळी हिरव्यागार. नववी लाल.

मनीषा.

तिच्या शॉटना एकही दुरुस्ती लागली नव्हती. पण तास जास्त होते. पहिल्या महिन्यात थोडे, दुसऱ्यात आणखी, तिसऱ्यात दुप्पट. बाकी आठांचे तास भलतेच कमी दिसत होते, कारण अवघड भाग दादा वीस मिनिटांत उरकत होते. मी जागेवर येऊन पुस्तिका उघडली. सोळाव्या पानावर स्पष्ट लिहिलं होतं की सिस्टिम यादीतल्या शेवटच्याला लाल करते. सगळे चांगले असले तरी कोणीतरी शेवटचा असतोच. दादांनी आठ जणांना वर उचललं होतं आणि नववीला हात लावला नव्हता.

मनीषानं दुपारपर्यंत टेबल आवरलं. तिचं सामान एका पिशवीत मावलं.

दादा सरळ सरांच्या केबिनमध्ये गेले. मी फाइल घेऊन तिथे उभाच होतो.

"सर, तक्ता चुकलाय. या आठांचं काम मी केलंय."

सर हसले. "दादा, तुमचं मन मोठं आहे. मला माहितीये, ती तुमच्या गावाकडची. बसला सोबत असता. वाईट वाटणारच."

"गावाकडची म्हणून नाय, सर. तिला येतं. त्या खोलीत तिला एकटीलाच येतं."

"मग मला लाल का दिसतंय?"

"माझ्यामुळं."

सर वैतागले, पण त्यांना स्वतःच्या न्यायबुद्धीचा अभिमान होता. त्यांनी आठही जणांना केबिनमध्ये बोलावलं. ते भिंतीला टेकून ओळीनं उभे राहिले. सरांनी विचारलं, "दादा म्हणतात तुमचे शॉट ते करायचे. खरं आहे का?"

कोणी बोललं नाही. बोलायचं नाही हे त्यांना दादांनीच शिकवलं होतं, आणि ते पक्कं शिकले होते. शेवटी सचिन घसा साफ करून म्हणाला, "दादा सांगायचे, सर. करायचो आम्हीच." त्याच्या घरी दोन महिन्यांचं बाळ होतं. इतरांच्या घरीही कोणी ना कोणी असणार.

दादांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. डायरी तिथे होती, तिचा कोपरा मला दिसत होता. ती टेबलावर टाकली असती तर विषय मिटला असता. एकाऐवजी आठ घरी गेले असते. माझ्या फाइलमध्ये तेरा सोमवारच्या नोंदी होत्या. मला कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

दादांनी भिंतीशी उभ्या असलेल्या आठांकडे पाहिलं. चेहऱ्यांकडे पाहिलं. त्यांना असं करताना मी पहिल्यांदाच बघत होतो. मग खिशावरचा हात खाली आला.

"व्हय," ते म्हणाले. "करायचे तेच. मी नुसतं सांगायचो."

"झालं तर मग," सर म्हणाले.

"मंग तिच्याऐवजी मला थांबवा."

"असं कसं थांबवणार, दादा? तुम्ही तक्त्यातच नाही."

हे खरं होतं. तपासनिसाला ओळ नसते. दादांनी मान डोलावली, बाहेर जाऊन डबा घेतला आणि जिना उतरले. तो मंगळवार. मनीषाला कोणी परत बोलावलं नाही. एक जण कमी करायचा होता, दोन झाले. सरांनी त्याला योगायोग म्हटलं.

पुढच्या महिन्यात तिकडून शॉट परत येऊ लागले. सशाचे हात बिघडलेत, असं त्यांनी सभ्य भाषेत लिहिलं. आठांचे तास दुप्पट झाले, दुरुस्त्या वाढल्या, सगळेच घसरले. लाल ओळ मात्र तक्त्यात एकच राहिली, त्यामुळे परिस्थिती आटोक्यात आहे असं सरांचं मत पडलं.

दादा मला वर्षभरानं छावणीच्या बाजारात दिसले. पेरूच्या बागेसाठी फवारणीचं औषध न्यायला आले होते. हातात डबा, उजवी बाही दुमडलेली. मी माफी मागायची ठरवून पुढे झालो. त्यांनी आधी माझ्या बोटांकडे पाहिलं.

"सर व्हय? जाड झालात."

मी मनीषाची चौकशी केली. अवघड विषयातून वाट काढायला दुसऱ्याचं नाव सोयीचं पडतं.

"गेलतो तिच्या घरी. लई उशिरा गेलो. तीन महिने पायच उचलंना." ते डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेत म्हणाले. "म्हणलं, बाई, चूक झाली. तुझं एकटीचं काम तेवढं तुझं व्हतं, म्हणून हात नाय लावला."

"मग?"

"ती म्हणली, दादा, मला तर वाटायचं माझेही हात तुम्हीच काढता."

"तिचेही?" मी विचारलं.

"जेवणाच्या सुट्टीत मी तिच्या खुर्चीत बसायचो, ते खरं. पण नुसतं बघायला. बरं वाटायचं बघून. ती येऊन बघायची, चित्र चांगलं हे. तिला वाटायचं, दादांनी केलं. चार वर्षं, सर. चार वर्षं तिला वाटत व्हतं का आपल्याला येत नाय. मंग मी सगळ्यांचे पासवर्ड घेतले, तिचा नाय घेतला. तिला कळलंच ते. तिला वाटलं, दादांनी मला सोडलं. आता एकटीनं करायचं. म्हणून एकेक रेघ चार-चारदा काढायली. घाबरून. तिथं तास वाढले."

"तुम्ही तिला कधी म्हणाला नाहीत, चांगलं आहे म्हणून?"

"चांगल्याला काय म्हणायचं?" ते म्हणाले. मग डब्याचं झाकण घट्ट करत, "व्हय. म्हणायला पाहिजे व्हतं."

"आता काय करते ती?"

"क्लासमधी बसती. पोरांचे फॉर्म घेती. म्हणलं, काढती का कधी? म्हणली, नाय."

खुलताबादची काळी-पिवळी जीप भरत आली होती. दादा घाईनं तिकडे गेले. मागच्या सीटवर तिघांच्या शेजारी अंग चोरून बसले, औषधाचा डबा मांडीवर घेतला आणि दोन्ही पंजे झाकणावर ठेवले. शेजाऱ्यानं सरकून घ्यायला सांगितलं, ते सरकले. गाडी निघाली. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. माझी माफी राहिली ती राहिलीच.

सिस्टिममध्ये माणसाचं खातं बंद केलं की त्याचे शॉट बेवारस राहू शकत नाहीत, ते आपोआप कोऑर्डिनेटरच्या नावावर जातात. मनीषाचं खातं मीच बंद केलं. त्यामुळे एकही दुरुस्ती न लागलेले आमच्या स्टुडिओतले सगळे शॉट आज माझ्या नावावर आहेत, आणि नव्या मुलांना नमुना म्हणून तेच दाखवले जातात. मला चित्र काढता येत नाही.